स्वॅब कुठं द्यायचा, रिपोर्ट कुठं अडकतो? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वऱ्हाडातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कोरोनाच्या लाटांत स्वॅब घेतले, खोक्यात बर्फ भरला, याद्या लिहिल्या. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘माहा रिपोर्ट आला का?’ याचं उत्तर देण्यात. पुढं सवडीनं ते सगळे प्रश्न एका वहीत उतरवले. लोकांनी ज्या बोलीत विचारले त्याच बोलीत इथं ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे कुठं जीभ थोडी तिखट झाली असेल तर चालवून घ्या.

कोरोना तं गेला. मंग हे आता कायले लिहून राह्यले भाऊ?

जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी उठवली ती ५ मे २०२३ ला. उठली ती आणीबाणी, विषाणू कुठं गेलेला नाही. आणि उद्या दुसरी कुठली साथ आली तरी गावातून तालुक्याला जाणारा रस्ता हाच आहे, काळीपिवळी हीच आहे आणि दवाखान्यातली माणसंही बहुतेक आम्हीच. आजाराचं नाव बदलेल, पण तपासणी कुठं होते, पैसे किती, रिपोर्ट कधी, पॉझिटिव्ह आल्यावर काय, हे प्रश्न बदलणार नाहीत.

तपासनी गावातच होते का तालुक्याले जा लागते?

दोन गोष्टी वेगळ्या करा. नमुना घेणं हे एक काम आणि नमुना तपासणं हे दुसरं. अँटिजेनमध्ये, म्हणजे झटपट किटवरच्या तपासणीत, दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात, म्हणून ती उपकेंद्रात, शाळेत, अगदी आठवडी बाजारात मांडव टाकूनही करता येते. आरटीपीसीआरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या तपासणीत, नमुना गावात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला तरी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते.

कागदावरची रचना अशी. साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३० हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३ हजार आणि २० हजार. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं. साथीत सगळा भार खालच्या दोन पायऱ्यांवर येतो. तिथं सिस्टर एकच असते. लसीकरणही तिचंच, बाळंतपणही तिचंच आणि स्वॅबही तिचाच. म्हणून निघण्याआधी आशाताईला एक फोन करा. आज स्वॅब घेणं चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत, एवढंच विचारा. किती तरी म्हातारी माणसं दोन वाजता पोचायची आणि नमुन्यांची गाडी एक वाजताच गेलेली असायची.

अँटिजन न् आरटीपीसीआर, दोन्ही नाकातूनच घेतात. मंग फरक काय?

अँटिजेन किट विषाणूचं प्रथिन शोधते. विषाणू भरपूर असला तर सापडतं, थोडा असला तर नाही. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधते आणि त्याच्या पुन्हापुन्हा प्रती काढत जाते, म्हणून थोडासा विषाणूही हाती लागतो.

आयसीएमआरनं, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेनं, १४ जून २०२० ला पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली, तेव्हा किटच्या पडताळणीचे आकडेही सांगितले होते. संसर्ग असलेल्या १०० जणांत ते किट ५० ते ८४ जणांना ओळखत होतं. संसर्ग नसलेल्या १०० जणांत ९९ किंवा त्याहून जास्त जणांना ते बरोबर ‘नाही’ म्हणायचं. म्हणजे किट ‘आहे’ म्हणालं तर जवळजवळ नक्कीच आहे. ‘नाही’ म्हणालं तर मात्र त्याच्या शब्दावर जाऊ नका. नियमही तोच होता: लक्षणं असतील आणि अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करायचीच.

आमच्याकडं नेमकी हीच पायरी गळायची. अंगात ताप, वास गेलेला, पण अँटिजेन निगेटिव्ह आली की माणूस ‘सुटलो रे बापा’ म्हणत सरळ वावरात किंवा लग्नाच्या पंगतीत. त्याला दोष देऊन काय करणार? दुसऱ्या तपासणीसाठी परत तालुक्याला या असं सांगितलं की त्याची आणखी एक रोजी बुडणार होती. आमच्या हाती होतं ते एवढंच, की पहिल्याच खेपेला दोन्ही नमुने घ्यायचे. जिथं घेतले गेले तिथं माणसं सुटली नाहीत. सगळीकडं घेतले गेले नाहीत.

किटबद्दल एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. ही किट साधारण २ ते ३० अंश तापमानात ठेवायची असतात, तसं खोक्यावर छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. किट कुठं ठेवलीत हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारलं तर आम्हाला राग येत नाही, उलट फ्रिज मागायला कारण मिळतं.

मशीन चार घंट्यात सांगते म्हणतात. मंग आमचा रिपोर्ट पाच दिवस कुठी राह्यते?

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. थोडं बसून वाचा.

मशीन खरंच काही घंट्यांतच सांगते. पण नमुना मशीनपर्यंत पोचायला निघतो तो असा. काडी नाकातून काढली की गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकायची. नळीवर नाव आणि क्रमांक. मग अर्ज भरायचा: नाव, वय, गाव, मोबाइल, लक्षणं कधीपासून. तीच माहिती मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये भरायची, आणि रेंज नसेल तर सिस्टर गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन भरणार. नळी तीन थरांत बांधायची, २ ते ८ अंशांत ठेवायची. मग गाडीची वाट. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून दहा नमुने घेऊन गाडी निघत नाही, ती तीन-चार केंद्रं फिरत तालुक्याला येते, तिथून जिल्ह्याला. एकदा भर उन्हाळ्यात बर्फाच्या पिशव्या संपल्या, तेव्हा बसस्टँडवरच्या गोळेवाल्यानं आम्हाला लादी दिली होती. पैसे घेतले नाहीत.

सुरुवातीला तर हा प्रवास फारच लांबचा होता. २०२० च्या मार्च महिन्यात विदर्भातले नमुने नागपूरच्या मेयोत, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. नंतर नागपूरचं एम्स, मेडिकल कॉलेज, पर्यावरण संशोधन करणारी नीरी, सेवाग्राम, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीला संत गाडगेबाबा विद्यापीठ, यवतमाळ अशा प्रयोगशाळा एकेक करून उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्वॅब तपासले जातील असं आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जवळची प्रयोगशाळा सुरू झाली की रिपोर्टचा एक-दीड दिवस वाचायचा, तो रस्त्यावरचा.

नमुना प्रयोगशाळेत पोचला की तिथं रांग. मशीनच्या एका ताटलीत ९६ खाने. त्यातले दोन तरी तपासणी बरोबर चालली आहे का हे पाहण्यासाठी ठेवावे लागतात, उरलेल्यांत माणसांचे नमुने. एका फेरीला दीड-दोन घंटे, आणि त्याआधी नमुन्यातून जनुकीय द्रव्य वेगळं काढायचं काम वेगळंच. रोज पाचशेची ताकद असलेल्या ठिकाणी दोन हजार नमुने आले तर हिशेब तुम्हीच करा. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडं दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी चढली, २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात लॉकडाऊन लागला. त्या दिवसांत नमुने तपासण्यापेक्षा गोळा होण्याचा वेग जास्त होता.

आणि शेवटचा अडथळा, ज्याचा मशीनशी काही संबंध नाही. रिपोर्ट तयार असतो, पण तो तुमच्यापर्यंत येत नाही. एका म्हाताऱ्या जोडप्यानं अर्जावर पुण्यात कामाला असलेल्या पुतण्याचा नंबर दिला होता. मेसेज पुण्याला गेला, तो रात्रपाळीला. इकडं दोघं सहा दिवस एकाच खोलीत, ती पॉझिटिव्ह, तो निगेटिव्ह. नावांचंही तसंच. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि घरात सगळे ‘बापू’ म्हणतात. यादीत ‘बापू’ शोधत बसलं की अख्खी दुपार जाते.

म्हणून उशीर झाला तर ‘रिपोर्ट कधी येईल’ असं विचारू नका, त्याला ‘येईल ना’ एवढंच उत्तर मिळतं. ‘नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला आणि कोणत्या तारखेच्या गाडीनं’ असं विचारा. हे विचारलं की सांगणाऱ्याला रजिस्टर उघडावंच लागतं.

नाकात काडी घालतात ते मेंदूले लागते म्हणे?

नाही. नाकाच्या मागं घशाला जोडलेली पोकळी असते, काडी तिथवर जाते. डोळ्यातून पाणी येतं, शिंक येते, शिव्याही येतात. सगळं चालतं.

काडीची भीती घालवणारी एक पद्धत नागपूरच्याच नीरी संस्थेनं काढली. मिठाचं पाणी तोंडात घेऊन गुळण्या करायच्या आणि नळीत थुंकायचं, तोच नमुना. तो साध्या तापमानात नेता येतो, म्हणजे बर्फाची कटकट नाही, आणि माणूस स्वतःच देऊ शकतो, म्हणजे सिस्टरच्या तोंडावर शिंकणं नाही. मे २०२१ मध्ये आयसीएमआरनं तिला मान्यता दिली. तोवर दुसरी लाट उतरणीला लागली होती. आपल्याच नागपूरची गोष्ट आपल्या उपकेंद्रात अजून किती जणांना ठाऊक आहे, हे विचारून पाहा.

पैसे किती लागतात?

सरकारी ठिकाणी शून्य. कुणी मागितले तर पावती मागा.

खाजगी प्रयोगशाळेत मार्च २०२० ला आरटीपीसीआरची कमाल किंमत ४,५०० रुपये होती. राज्य सरकारनं ती टप्प्याटप्प्यानं खाली आणली: त्या जूनमध्ये २,२००, डिसेंबर २०२० मध्ये ७००, मार्च २०२१ अखेर ५००, डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. हे दर प्रयोगशाळेत किंवा केंद्रावर जाऊन नमुना दिला तरचे. घरी येऊन घेतला तर जास्त. आता यात खाजगी प्रयोगशाळा आपल्या तालुक्यात होती कुठं, हा प्रश्न वेगळा.

पण खरा खर्च तपासणीचा नसतो. २०२१-२२ मध्ये रोजगार हमीची मजुरी राज्यात दिवसाला २४८ रुपये होती. तपासणीला गेलं की तो दिवस गेला. सोबतीला माणूस नेला तर त्याचाही गेला. वर काळीपिवळीचं भाडं, आणि लॉकडाऊनमध्ये एसटी बंद असताना फटफटीवाल्याला पेट्रोल. फुकटची तपासणी अशी पाचशे-सहाशेला पडायची. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना तर कुणी हलायलाच तयार नसायचं. आम्ही ‘लोक सहकार्य करत नाहीत’ असं अहवालात लिहीत होतो. ते वाक्य आता वाचलं की मलाच लाज वाटते.

पॉझिटिव निंगालो तं धरून नेतात का?

खरं सांगतो. सुरुवातीला नेत होते. २०२० मध्ये आधी लक्षणं नसलेल्यालाही दवाखान्यात किंवा कोविड केअर सेंटरला नेत, आणि संपर्कातल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा वसतिगृहात ठेवत. दारात रुग्णवाहिका उभी राहिली की सगळं गाव बघायला. घराला बांबू बांधले, फलक लावला. नंतर सौम्य आजाराला घरीच राहण्याची मुभा मिळाली, पुढं मे २०२१ मध्ये राज्यानं १८ जिल्ह्यांत, त्यात विदर्भातलेही होते, गृहविलगीकरण पुन्हा बंद करायचं ठरवलं. नियम असे फिरत राहिले तर माणूस कशावर विश्वास ठेवील?

मग अफवा आल्या. प्रत्येक पॉझिटिव्हमागं दवाखान्याला पैसे मिळतात, नेलेला माणूस परत येत नाही, अवयव काढून घेतात. यातलं काही खरं नव्हतं. पण ज्याच्या ओळखीतला एक जण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत आला, त्याला आकडेवारी सांगून उपयोग नसतो. ज्या गावात सरपंचानं किंवा मास्तरांनी आधी स्वतःचा स्वॅब चौकात सगळ्यांसमोर दिला, तिथं दुसऱ्या दिवशी रांग लागली. दवंडीनं तेवढं कधी झालं नाही.

तुम्हाला विचारता येतील असे प्रश्न: घरी राहता येईल का, वेगळी खोली नसेल तर कुठं, जनावरांचं आणि दूध काढण्याचं कोण बघेल. शेवटचा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही. एका बाईनं केवळ दोन म्हशींपायी तपासणी चार दिवस पुढं ढकलली होती.

डॉक्टरनं टायफाइड सांगतला, सलाइन चालू हाये. मंग कोरोनाची तपासनी कायले?

दुसऱ्या लाटेत खेडोपाडी टायफॉइडची साथच आली असं वाटावं इतके ‘टायफॉइड’ निघाले. कारण विडाल तपासणी. ती रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बघते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह दाखवू शकते. आपल्या भागात एका विडालवर टायफॉइड ठरवणं म्हणजे आभाळात ढग दिसला म्हणून पेरणी करणं. खात्री करायची तर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, लागतं.

पण गावातल्या डॉक्टरकडं गर्दी का होती हेही समजून घ्या. तो घरी येतो, उधारीवर सलाइन लावतो, आणि ‘कोरोना’ हा शब्द उच्चारत नाही. टायफॉइड म्हटलं की घराला बांबू लागत नाहीत. डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही तो शब्द सोयीचा होता. त्यात पाच-सहा दिवस जायचे, आणि माणूस आमच्याकडं यायचा तेव्हा बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ८० च्या खाली.

गडचिरोली-गोंदियाकडं हीच गोष्ट मलेरियाची. तिकडं ताप म्हणजे आधी मलेरिया, आणि ते बरोबरच आहे, आशाताईकडं त्याचं किट असतं. पण मलेरिया निघाला म्हणजे कोरोना नाही असं होत नाही. एका अंगात दोन ताप राहू शकतात. पावसाळ्यानंतर डेंग्यू आणि स्क्रब टायफसही येतातच. साथीच्या दिवसांत एकच तपासणी करून थांबू नका.

रिपोर्टवर सीटी २२ हाये. म्हंजे फुफ्फुस बावीस टक्के खराब?

नाही हो. हा घोळ नावाचा आहे. आरटीपीसीआरच्या रिपोर्टवरचा सीटी म्हणजे मशीनला विषाणू दिसायला प्रती काढण्याच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा. ३५ किंवा त्याच्या आत दिसला तर पॉझिटिव्ह. आकडा लहान तर नमुन्यात विषाणू जास्त. पण स्वॅब नीट घेतला नाही, बर्फ वितळला, तरी आकडा बदलतो. त्यावरून आजार किती भारी हे ठरवू नये, असं आयसीएमआरनंच २०२० मध्ये सांगितलं होतं.

दुसरा सीटी म्हणजे छातीचा स्कॅन, त्यात २५ पैकी स्कोअर देतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये लोक स्वॅब टाळून थेट स्कॅनला पळत होते, कारण रिपोर्ट त्याच दिवशी मिळायचा आणि नाव सरकारी यादीत जायचं नाही. दोन-अडीच हजार रुपये घालून, साध्या तापातही. सुरुवातीच्या दिवसांत स्कॅन कोरा येऊ शकतो, आणि तो कोरा कागद दाखवत माणूस गावभर फिरतो.

ट्रूनॅट का काय म्हणतात, ते आमच्या इथं हाये का?

असण्याची शक्यता आहे. विचारा. हे गोव्यातल्या एका कंपनीचं छोटं मशीन, बॅटरीवरही चालतं. आपल्याकडं क्षयरोगासाठी आलं होतं, कोरोनात त्यावर स्वॅबही तपासले गेले. एका वेळी मोजकेच नमुने, पण घंटा-दीड घंट्यात निकाल, आणि नमुना तालुक्याबाहेर न जाता. अडलेल्या बाळंतिणीसाठी, ऑपरेशनसाठी, मृत्यूनंतरच्या तपासणीसाठी आम्ही ते राखून ठेवायचो. तपासणीला लागणाऱ्या चिप्स संपल्या की मशीन शोभेचं.

बाई नवव्या महिन्यात हाये. दवाखान्यात म्हणतात आधी रिपोर्ट आणा.

तसं म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२० च्या आयसीएमआरच्या सूचनेत स्पष्ट होतं: तपासणी झाली नाही म्हणून बाळंतपण किंवा कुठलीही तातडीची शस्त्रक्रिया अडवायची नाही, आणि तपासणीची सोय नाही म्हणून गरोदर बाईला दुसरीकडं पाठवायचंही नाही. नमुना घ्या, पाठवा, पण बाळंतपण आधी करा. हे माहीत नसल्यामुळं एका बाईला तीन दवाखान्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, चौथ्याच्या आवारात जीपमध्येच मोकळी झाली. दोघंही सुखरूप आहेत. पोरगा आता शाळेत जातो.

आमच्या गावाले पावसाळ्यात रस्ताच राहत नाई.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे पावसाळ्यात पेपरात येत आलंय. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढं, सिरोंच्याहून दोनशेच्या वर. मेळघाटात धारणीहून अमरावती दीडशेच्या घरात, तीही घाटातून. अशा ठिकाणी नमुना पाठवण्याच्या भरवशावर राहणं म्हणजे निकाल यायच्या आत माणूस बरा तरी होणार किंवा दगावणार. तिथं अँटिजेन आणि ट्रूनॅटच खरे, आणि त्यांचा साठा नदी भरण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचायला हवा.

शिबिराचा दिवस ठरवतानाही तिथलं पंचांग बघा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच गाव रिकामं होतं. सकाळी दहाला टेबल मांडून बसलात तर कुत्री तेवढी येतील. संध्याकाळी जा, किंवा फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं जा. आणि कोरकू, माडिया, गोंडी बोलणारं माणूस सोबत असू द्या. ‘विलगीकरण’ हा शब्द मलाही धड उच्चारता येत नाही, तिथल्या आजीला काय सांगणार?

घरीच करायचं किट मेडिकलमध्ये भेटते. ते चालते का?

चालतं. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला पहिली परवानगी मिळाली, तेव्हा किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत. जात अँटिजेनचीच, म्हणून वरचा नियम इथंही: पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, लक्षणं असून निगेटिव्ह म्हणजे दवाखान्यात या. तेव्हा निकाल मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये टाकायचा असे. बहुतेक कुणी टाकत नसे. निदान आशाताईला तरी सांगा.

घरात एक पॉझिटिव हाये. बाकीच्यायनं कवा तपासावं?

लक्षणं आली तर लगेच. नसतील तर, २०२०-२१ च्या नियमाप्रमाणे, संपर्क आल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा. दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ फारसा नसतो, विषाणू अजून वाढलेलाच नसतो. आणि एकदा पॉझिटिव्ह आलेल्यानं ‘गेला का बघू’ म्हणून परत तपासणी करू नये, मे २०२१ पासून तसं सांगितलेलं होतं. त्या काडीवर रांगेतल्या दुसऱ्याचा हक्क आहे.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

ठराव करून वर पाठवणं सोपं आहे, ते करा. त्याआधी हे करा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात कागदावर असते, तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा, निधी मिळतो. साथीत तो गाडीच्या डिझेलला, बर्फाच्या खोक्याला, ऑक्सिमीटरला लागू शकतो. आमच्या तालुक्यात बऱ्याच गावांत तो फवारणीच्या पावडरीवर जातो.

प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी विचारा: किटचा साठा किती, नमुन्यांची गाडी कोणत्या वारी, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत, मागच्या महिन्यात सरासरी किती दिवसांत निकाल आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं सुरू केलेल्या आयुष्मान भारत पायाभूत सुविधा अभियानात प्रत्येक जिल्ह्याला एकात्मिक प्रयोगशाळा धरली आहे. आपल्या जिल्ह्यातली कुठं उभी आहे आणि तिथं तंत्रज्ञ किती भरलेत, हेही विचारा. इमारत लवकर होते. माणूस भरायला वेळ लागतो, आणि माझ्या शेजारची खुर्ची कधीपासून रिकामी आहे ते मी इथं लिहीत नाही.

आधार नाई, मोबाइल नाई. स्वॅब घेतात का?

घ्यायलाच हवा. अर्जात मोबाइल स्वतःचा की घरातल्याचा असा रकानाच होता, म्हणजे दुसऱ्याचा चालतो. फक्त तो माणूस त्याच गावातला आणि रात्री फोन उचलणारा असावा. पुण्यातला पुतण्या नको.

स्वॅब दिल्यावर काही लिहून ठेवा लागते का?

हो. नमुना दिला की एक लांबलचक क्रमांक मिळतो, कोरोनात त्याला एसआरएफ आयडी म्हणत, म्हणजे नमुन्यासोबतच्या अर्जाचा क्रमांक. तो नळीवर असतो, अर्जावर असतो, पण तुमच्याजवळ नसतो. तिथंच मागून घ्या. चिठ्ठी खिशात ठेवली की ती धुण्यात जाते, म्हणून घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. चुना नको, पेननं. फोन करताना आधी तो क्रमांक सांगा, मग नाव.